चोविसावा फोटो

ऑगस्टातल्या एका मंगळवारी दुपारी को पेइ-शान शिनचूच्या प्रयोगशाळेत संगणकासमोरच डबा उघडून भात खात बसली होती, तेवढ्यात बाबांचा फोन आला. को मेस्त्री फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत. पलीकडून फोन उचलला की थेट कामाचं बोलायला सुरुवात.

"डावा गाल कुठे अडकला?"

"बाबा, जेवतेय मी."

"मग जेव की. गाल काय तोंडाने काढणारेस?"

"शुक्रवारी देते. नक्की."

"मागच्या शुक्रवारीसुद्धा नक्कीच होतं," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पलीकडच्या टेबलावरून फानने मान वर केली. पेइ-शान आणि फान सहा वर्षं एकाच खोलीत काम करत होते, त्यामुळे एकमेकांच्या घरची भांडणं दोघांनाही पाठ होती. "सासुरवास परवडला म्हणायचा," फान म्हणाला. पेइ-शान हसली. तिला मुळीच काळजी नव्हती. ज्या कामात देशात तिचा हात धरणारे फार तर चार जण असतील, नेमकं तेच काम बाबांनी तिच्याकडे मागितलं होतं.

काम काय होतं, ते सांगितलं पाहिजे. आपण एक डोळा मिटून हाताचा अंगठा बघतो, मग दुसरा डोळा मिटून बघतो, तेव्हा अंगठा जागेवरून सरकल्यासारखा वाटतो आणि त्याच्यामागचं काहीतरी नव्याने दिसतं. पेइ-शानची चौकट हेच करायची. लोखंडी चौकटीवर एक कॅमेरा चार-चार बोटं सरकत जायचा. सात आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत सात थांबे, असे एकाच देखाव्याचे एकोणपन्नास फोटो, प्रत्येक किंचित वेगळ्या जागेवरून. दोन थांब्यांच्या मधल्या जागेत कॅमेरा कधी उभाच नसतो. तिथून काय दिसलं असतं, ते पेइ-शानचं संगणकातलं मॉडेल काढून दाखवायचं. त्याला शिकवायची रीत सोपी होती. खरा फोटो लपवायचा, शेजारच्या फोटोंवरून तो काढायला लावायचा, मग खरा पुढे ठेवून चूक दाखवायची. असं लाखो वेळा केलं की मॉडेल तरबेज होतं.

आणि देखावा होता लुकांगच्या तिसऱ्या आईचा.

लुकांग हे समुद्राकाठचं जुनं गाव, पेइ-शानचं माहेर. तिथल्या विटांच्या बोळात तिसऱ्या आईचं लहानसं देऊळ होतं. कापराच्या लाकडातली हातभर उंचीची बसलेली मूर्ती, शंभर वर्षांच्या धुराने काळी झालेली, तिला काचेचे डोळे. पेइ-शानच्या पणजोबांनी ती कोरली होती. पणजोबांची करामत सगळी त्या डाव्या गालात होती. तो उजव्यापेक्षा जरासा फुगीर होता, एवढंच. पण त्या एवढ्याशानेच देवी आता मान वळवणार असं वाटायचं. गावातल्या बायका तिच्यापुढे कापडी भरतकामाचे इवलेसे जोडे वाहायच्या आणि वर्षाकाठी जुने बदलायच्या. जुन्यांचे तळवे झिजलेले निघायचे. "हिंडते बाई रात्रंदिवस, आपल्यासारखी बसून थोडीच असते?" असं म्हणून त्या जोडे टोपलीत टाकायच्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी विजेच्या तारेने पेट घेतला आणि अर्ध्या तासात देऊळ गेलं. माणसं वाचली, मूर्ती राहिली नाही. नवी मूर्ती कोरायचं काम अर्थातच को मेस्त्रींकडे आलं. पणजोबांचा हात त्यांच्यातच उतरला होता. पण त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने जाऊन तीन वर्षं झाली होती आणि डावा विझत चालला होता. त्या डोळ्याला डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. ही आपली शेवटची मूर्ती, हे मेस्त्रींना माहीत होतं, लेकीलाही माहीत होतं. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

अडलं होतं ते डाव्या गालापाशी. जुने फोटो सगळे समोरून काढलेले, त्यात मुकुटाच्या मण्यांची झालर तोंडावर आलेली. मूर्ती पुसायचा मान बायकांचा, त्यामुळे मेस्त्रींनी तो गाल जवळून कधी पाहिलाच नव्हता. राहिले ते पेइ-शानचे एकोणपन्नास फोटो. याच प्रयोगशाळेत शिकत असताना, पाच वर्षांपूर्वी, तिने चौकट घेऊन देवळात एक सकाळ घालवली होती. पण देवीच्या डाव्या अंगाला पितळी दिवा टांगलेला असायचा, त्याचा लाल गोंडा बरोबर गालावर यायचा. थांबा बदलला की गोंडा सरकायचा आणि दिव्याची कड आड यायची. गाल पूर्ण दिसेल अशी जागा चौथ्या ओळीत होती, चोविसाव्या आणि पंचविसाव्या फोटोच्या मधोमध. तिथे कॅमेरा थांबला नव्हता.

"दोन बोटं आधी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" मेस्त्री म्हणायचे.

"आता थांबते," पेइ-शान म्हणायची.

गुरुवारी काम झालं. आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांना प्रत्येक दोन थांब्यांमध्ये तीन-तीन नव्या जागा धरून मॉडेलने पाचशे शहात्तर नवे देखावे काढले. पेइ-शानने ते ओळीने चालवून पाहिले. देऊळ जिवंत झाल्यासारखं हळूच डावीकडून उजवीकडे सरकलं. उदबत्त्यांची राख, फळांच्या ताटाची कड, मुकुटाचे मणी, सगळं जिथल्या तिथे. मग गोंडा बाजूला झाला आणि गाल दिसला. भरलेला, गुळगुळीत, कानाखाली अंधारात उतरत गेलेला. पणजोबांचं काम ती आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होती.

"ए, फान! बघ, बघ हे!"

फान खुर्ची सरकवत आला. त्याने दोनदा चालवून पाहिलं. "झकास," तो म्हणाला. मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाला, "पण ही मध्येच वर का बघते?"

"कोण?"

"तुझी देवी."

खऱ्या फोटोंमध्ये देवीची नजर खाली, मांडीवरच्या हातांकडे होती. मॉडेलने काढलेल्या देखाव्यांमध्ये ती खाली नव्हती. फार नाही, केसभर वर आलेली होती, बघणाऱ्याकडे. खरा फोटो आला की खाली, पुढच्या तीन देखाव्यांत वर, पुन्हा खरा आला की खाली.

"काचेचे डोळे आहेत," पेइ-शान लगेच म्हणाली. "चकाकी आहे ती. जागा बदलली की चकाकी सरकते, मॉडेलला वाटतं बुबुळ सरकलं. आरशाच्या बाबतीत होतं तसं."

"असेल," फान म्हणाला.

हे खरं तर बरोबर होतं. चकचकीत वस्तूंपाशी अशी मॉडेलं चुकतातच. पेइ-शानला उगाच शंका ठेवायची सवय नव्हती, म्हणून तिने शहानिशा केली. एकोणपन्नासांतला एकेक खरा फोटो लपवला आणि तोच मॉडेलला काढायला लावला. चकाकीने फसत असेल तर इथेही फसायला हवं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. एकोणपन्नासच्या एकोणपन्नास वेळा नजर खाली होती. ताडून पाहायला खरा फोटो जिथे होता, तिथे मॉडेल पापणीच्या केसाइतकंही चुकलं नव्हतं.

शुक्रवारी फानने स्वतःचं, वेगळ्या रीतीने बांधलेलं मॉडेल त्यावर चालवलं. दुपारी तो उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर त्याने निकाल पेइ-शानकडे पाठवून दिला. त्याची देवीसुद्धा मधल्या जागांमधून वर बघत होती.

"साक्षीदार असला की शहाण्यासारखी खाली बघते," तो म्हणाला.

"तुझं मॉडेल चुकीचं शिकलंय. माझंही तसंच. एकाच थाळीत जेवलेली दोघं, दोघांच्या पोटात सारखंच दुखणार."

"बरं," फान म्हणाला. एरवी तो असा वाद सोडत नसे. त्याने आपल्या संगणकावरची ती फाइल पुसून टाकली आणि यंत्रांच्या कपाटावर ठेवलेली मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी हातात घेऊन तिच्यावरची तारीख वाचली. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून अख्ख्या शिनचूत ती ठेवतात. मुदत संपलेली चालत नाही. ही पुडी डिसेंबरपर्यंतची होती.

शनिवारी सकाळी पेइ-शान लुकांगला पोचली. बाबांच्या कारखान्याचं दार उघडं होतं आणि कापराच्या लाकडाचा वास बोळाच्या तोंडापासून येत होता. मेस्त्री बाकड्यावर बसले होते. समोर मूर्ती, अजून कोऱ्या लाकडाची, पांढुरकी. मुकुट, हात, वस्त्राच्या चुण्या, उजवा गाल, सगळं झालेलं. डाव्या गालाच्या जागी नुसता ओबडधोबड ठोकळा. पायाशी भुशाचा ढीग.

"आलीस? खाल्लंस काही?"

"शेवयांची पेज खाल्ली नाक्यावर."

"मग दाखव."

तिने पाच देखावे मोठ्या कागदावर छापून आणले होते. मेस्त्रींनी भिंग डाव्या डोळ्याला लावून कागद नाकाशी धरला. त्यांचा अंगठा कागदावरच्या गालावरून फिरत राहिला.

"हाच," ते अगदी हळू म्हणाले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हा फोटो कुठून काढलास?"

"काढला नाही, बाबा. मॉडेलने तयार केला. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"मला वाटलं होतं, आहेत त्यातलाच साफ करून देशील. त्या दिवशी किती फोटो मागितले होते आपण?"

पेइ-शानला आठवलं. चौकट लावायच्या आधी मेस्त्रींनीच कौल लावला होता. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला की होकार. सलग तीन होकार मिळाले तरच देवीच्या अंगाला कॅमेरा लावायचा. मेस्त्रींनी मोठ्याने सांगितलं होतं, 'आई, लेक एकोणपन्नास फोटो काढते आहे.' तीनदा होकार आला होता.

"एकोणपन्नास," ती म्हणाली.

"आणि हे किती?"

"पाचशे शहात्तर. पण हे काही फोटो नाहीत, बाबा. हे गणित आहे."

"तिचं तोंड आहे ना त्यात? मग विचारायला नको?"

"जळालेल्या मूर्तीला?"

"तुमच्या यंत्रांवर हिरवी पुडी ठेवता, ती कुणाला विचारून ठेवता गं? बघ म्हणे गणित!" मेस्त्री उठले आणि हात धुऊन आले. जळक्या देवळातली राख त्यांनी कपाटातल्या भांड्यात जपून ठेवली होती. त्या राखेपुढे त्यांनी कौल लावला. 'आई, जिथे कॅमेरा नव्हता तिथून तुला बघितलं. ते बघून कोरू का?'

तुकडे फरशीवर पडले. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देवी नुसती हसली, उत्तर दिलं नाही. पुन्हा टाकले, पुन्हा दोन्ही सपाट, आणि तुकडे बराच वेळ डुलत राहिले. तिसऱ्यांदा दोन्ही फुगीर बाजू वर आल्या. तो सरळ नकार होता.

मेस्त्रींनी पाचही कागद गुंडाळून लेकीच्या पिशवीत ठेवले. "राहू दे. मी आठवून करतो."

"काय आठवून? तुम्ही तो गाल कधी पाहिलेलाच नाही!"

मेस्त्री हात पुसत बाकड्याकडे वळले.

दुपारी देवळाच्या मंडळाचे प्रमुख लियाओ काका आले. गरम बिस्किटांची पुडी बाकड्यावर ठेवत ते म्हणाले, "मेस्त्री, नवव्या महिन्याची नववी तिथी ठरलीय. पंचांगवाल्याने दुसरी दिली नाही. तोवर नाही झालं, तर मंडळातली पोरं म्हणतात, यंत्रावर कोरून घेऊ. मी अडवलंय त्यांना. पण माझं तरी किती चालणार?"

"होईल," मेस्त्री म्हणाले.

काका गेल्यावर त्यांनी पटाशी उचलली आणि मोगरी घेतली. पटाशीचं टोक डाव्या गालाला टेकवलं. पेइ-शान दारातून बघत होती. पटाशी टेकलेली राहिली. मोगरी वर गेलेली, तिथेच थांबलेली. मेस्त्रींचा चांगला डोळा गच्च मिटलेला होता. मग त्यांनी दोन्ही हत्यारं खाली ठेवली आणि बाहीने तोंड पुसलं. असं त्यांनी तासाभरात चारदा केलं. ज्या हाताला कधी थांबणं माहीत नव्हतं, तो हात असा अडकलेला बघून पेइ-शानला रडू कोसळलं. ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

तिने जे केलं, ते तिथे उभ्या उभ्या ठरवलं. तिला त्यात पाप वगैरे काही वाटलं नाही. बाबांची शेवटची मूर्ती दोन लाकडी तुकड्यांपायी अडणार असेल, तर त्या तुकड्यांना बाजूला सारायचं, इतकं ते सरळ होतं.

एकोणपन्नास खरे फोटो कारखान्यात दोऱ्याने बांधलेले असत. मेस्त्री रोज सकाळी ते बोटांनी मोजून मगच कामाला बसत. म्हणून जादा फोटो घालून चालणार नव्हतं. पेइ-शानने गावातल्या फोटोवाल्याकडून तसाच मऊ कागद आणला आणि मधल्या जागेचा देखावा त्याच मापाने छापून घेतला. मागे पेन्सिलीने 'चोवीस' लिहिलं, जुन्या फोटोंवर होतं तसं, किंचित तिरकं. खरा चोविसावा काढून पिशवीत टाकला आणि हा त्याच्या जागी सरकवला. रविवारी सकाळी मेस्त्रींनी मोजले. एकोणपन्नास भरले.

दहाच्या सुमारास कारखान्यातून हाक आली. "शान! अगं, इकडे ये आधी!"

मेस्त्रींच्या हातात चोविसावा होता. त्यांचं तोंड एखाद्या पोरासारखं उजळलं होतं. "अगं, हा चोविसावा बघ! महिनाभर हातात आहे, आणि मला गोंडाच दिसत राहिला. डोळे माझे, दुसरं काय! तिने दिला बघ. मागितला तेव्हा नाही म्हणाली, आणि आपल्या हाताने दिला!"

"दिला तर खरा," पेइ-शान म्हणाली.

मोगरीचा आवाज तिला बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. तिला फार बरं वाटलं. आणि आत कुठेतरी टोचतही होतं, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

मेस्त्रींनी पुढचे तेरा दिवस तो एकच फोटो समोर ठेवला. गाल त्यातून घेतला, कान घेतला, मानेची रेष घेतली. पापण्यासुद्धा त्यातूनच घेतल्या.

नवव्या महिन्याच्या नवव्या तिथीला समुद्राकडून खारा वारा सुटला होता. जळक्या देवळाच्या जागी पत्र्याचा मांडव होता आणि त्यात सगळं जुन्या मापाने मांडलं होतं. पितळी दिवा त्याच जागी, लाल गोंडा त्याच जागी. मूर्तीच्या पाठीतल्या पोकळीत पाच रंगांचे दोरे आणि जुनी राख भरून ती बंद केली. मग पुजाऱ्याने कुंचला शेंदरात बुडवून डोळ्यांवर टेकवला. त्याआधी ते लाकूड होतं. त्यानंतर सगळा मांडव गुडघ्यांवर आला.

म्हाताऱ्या बायका मान वर करून बघत होत्या. "वळतेय बघ. वळतेय गं बाई!"

"अगदी तीच. पण आपल्याकडे बघते असं वाटतं, नाही?"

"बघेल नाही तर काय, दोन वर्षांनी भेटतेय!"

लियाओ काका उघड रडत होते. मेस्त्री कडेला स्टुलावर बसले होते आणि लोक येऊन त्यांचे हात हातात घेत होते. त्यांना आता माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसत होत्या. "कशी झालीय?" ते ज्याला त्याला विचारत होते, आणि उत्तर ऐकून मान डोलावत होते. बायकांनी नवे जोडे आणून आसनापुढे ठेवले. हिरवे, तांबड्या फुलांचे, बोटभर लांबीचे.

मंडळाला नोंद हवी होती, म्हणून पेइ-शानने चौकट आणली होती. या वेळी कौल तिने स्वतः लावला. मोठ्याने म्हणाली, "आई, एकोणपन्नास फोटो." आणि मनात पुढे म्हणाली, 'आणि मधलेसुद्धा. मागच्या वेळचं पोटात घाल.'

होकार. होकार. होकार. तुकडे पडले तसे निपचित राहिले, जराही डुलले नाहीत. पेइ-शानला हायसं वाटलं. कॅमेरा चार-चार बोटं सरकत गेला आणि दुपारी एकपर्यंत काम आटोपलं.

सोमवारी जेवणानंतर तिने शिनचूत ते फोटो उघडले. एकोणपन्नास, एकूण एक स्वच्छ. देवी आसनावर बसलेली, डावा गाल भरलेला, नजर किंचित वर. बाबांनी पणजोबांवर ताण केली होती. तिने मॉडेल सुरू केलं आणि चहा घेऊन आली.

देखावे ओळीने चालले. पहिला फोटो. देवी.

दुसऱ्या जागी, जिथे कॅमेरा नव्हता, तिथे आसन होतं. दिवा होता, गोंडा होता, उदबत्तीचा धूर होता. गादी होती आणि गादीला मधोमध खळगा होता.

देवी नव्हती.

पेइ-शानने चहा खाली ठेवला. पुढचा खरा फोटो आला. देवी. मग तीन वेळा रिकामं आसन. पुन्हा देवी.

तिने खरे फोटो लपवून पाहिले. एकोणपन्नास वेळा मॉडेलने देवी जिथल्या तिथे काढली. केसाचीही चूक नव्हती.

फान तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. "फान, हे चुकीचं शिकलंय ना?" तिने विचारलं. त्याने फक्त आसनाच्या पायथ्याशी बोट दाखवलं.

हिरवे जोडेही नव्हते.

फोन वाजला.

"काढलेस का फोटो?" बाबांचा आवाज खणखणीत होता. असा आवाज तिने वर्षभरात ऐकला नव्हता. "मला तर काही दिसायचं नाही. तू सांग. यंत्रातून कशी दिसते माझी आई?"

पडद्यावर रिकामी गादी होती.

"छान दिसते, बाबा," ती म्हणाली. "अगदी छान."

"गाल?"

"गाल पणजोबांच्यापेक्षा चांगला."

मेस्त्री समाधानाने हसले. मग म्हणाले, "थांब हं. दारात कुणीतरी आलंय."

फोन बाकड्यावर ठेवल्याचा आवाज आला. भुशावरून हलकी पावलं आत आली. बाबांचा आवाज लांबून आला, एरवी ते कुणाशी बोलत नाहीत इतक्या अदबीने. "या ना. बसा. असं उन्हातून चालत आलात?"

स्टूल सरकल्याचा आवाज आला.

मेस्त्रींनी फोन पुन्हा उचलला आणि आवाज खाली आणला. "शान, ठेवतो गं. पाहुण्या आल्यात कुणी. ओळखीच्या वाटतात."

"बाबा, कोण? तुम्हाला कसं दिसलं?"

"समोरून नाही ओळखलं," ते म्हणाले. "आत्ता मान वळवली ना, तेव्हा. डाव्या बाजूने."